‘जनता’ घड्याळ अजून चालू आहे, त्याची जबाबदारी घ्या: अवजड उद्योग मंत्रालयाला खुलं पत्र

प्रति,
माननीय मंत्री, अवजड उद्योग मंत्रालय, नवी दिल्ली
आणि
अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक, एचएमटी लिमिटेड, बेंगळुरू

विषय: एचएमटीच्या चावीच्या घड्याळांचे सुटे भाग, जुन्या नोंदी आणि नावाचा गैरवापर.

महोदय,

मी सोलापुरात घड्याळं दुरुस्त करतो. माझे वडीलही हेच काम करायचे. आमच्या घरातली चूल बरीचशी तुमच्या ‘जनता’ या एका घड्याळावर पेटत आली आहे, त्यामुळे त्याच्याबद्दल तुम्हाला लिहिण्याचा हक्क मला आहे असं मी मानतो. पत्राची हिंदी प्रत टपालाने पाठवली आहे. इथे मराठीत जाहीरपणे लिहितो आहे, कारण हा प्रश्न माझ्या एकट्याच्या दुकानाचा नाही.

जानेवारी 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस आणि एचएमटी चिनार वॉचेस या तुमच्या घड्याळ कंपन्या बंद करायला मंजुरी दिली. त्या निर्णयावर मी भांडत नाही. तोटा वर्षानुवर्षांचा होता. बॅटरीवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळांचं युग आल्यावर, आणि 1984 मध्ये टायटन उभी राहिल्यावर, तुमचं बदलणं संथ होतं हे आम्हाला दुकानात बसून दिसत होतं. कारखाना चालवायचा की नाही हा शेवटी पैशांचा हिशेब होता. माझी तक्रार त्यानंतरच्या वर्षांबद्दल आहे. कारखाना बंद झाला, पण त्याने बनवलेली घड्याळं बंद पडली नाहीत. ती लोकांच्या मनगटावर आहेत, कपाटात आहेत, देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात आहेत. त्यांचं काय करायचं याचा विचार तुमच्यापैकी कोणी केला असल्याचं मला तरी कुठे दिसलेलं नाही.

अलीकडे एचएमटीच्या पुनरुज्जीवनाच्या बातम्या येऊ लागल्या आहेत. मी त्या आशेने वाचल्या. त्यांत जमीन होती, यंत्रं होती, नवी गुंतवणूक होती. जुन्या घड्याळांबद्दल आणि ती वापरणाऱ्या माणसांबद्दल एक ओळही माझ्या वाचनात आली नाही. म्हणून गप्प बसवलं नाही.

‘जनता’ म्हणजे काय, हे आधी सांगतो, कारण फायलींमध्ये ते फक्त एक मॉडेल असेल. 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बेंगळुरूला घड्याळाचा कारखाना सुरू झाला आणि पहिली घड्याळं पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर आली. त्या परंपरेतलं ‘जनता’ हे सगळ्यात साधं. चावीचं मशीन, सतरा ज्वेल (चाकांची टोकं झिजू नयेत म्हणून बसवलेले खडे), सेकंदाला पाच ठोके. तारीख नाही, वार नाही. पांढरट डायल, सरळ काटे, आणि काही घड्याळांवर देवनागरीत लिहिलेलं नाव. सकाळी चावी दिली की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत निर्धास्त. त्यात दाखवण्यासारखं काही नव्हतं. त्याच्या आधी हातावर घड्याळ म्हणजे स्विस माल, आणि तो ज्याला परवडे त्याच्याच हातावर.

आमचं शहर गिरण्यांचं. इथे वेळ भोंग्याने कळायची. वडील सांगायचे की गिरणी कामगार पाळीवर जाण्याआधी दुकानात येऊन आकाशवाणीच्या बातम्यांच्या ठोक्यावर आपलं ‘जनता’ लावून घ्यायचे, कारण फाटकावर उशिराचा वाद झाला तर हातावर पुरावा पाहिजे. तोवर वेळ फक्त मालकाकडे होती. ती कामगाराच्या मनगटावर आली, आणि हे काम एका स्वस्त, सरकारी कारखान्यातल्या घड्याळाने केलं. या एका गोष्टीसाठी एचएमटीचं नाव या शहरात आदराने घेतलं जातं.

मग ते घड्याळ आमच्या आयुष्यात जागोजागी शिरलं. मॅट्रिक पास झाल्यावर वडिलांकडून. पहिल्या पगारातून धाकट्या भावाला. पंचवीस वर्षांच्या नोकरीबद्दल साहेबांच्या हस्ते, मागच्या झाकणावर नाव कोरून. आणि लग्नात जावयाला. शेवटच्या प्रकाराबद्दल स्पष्टच बोललं पाहिजे. सायकल, रेडिओ आणि घड्याळ ही मागण्यांची यादी असायची आणि मुलींच्या बापांनी त्यासाठी कर्जं काढली आहेत. अशी घड्याळंही माझ्याकडे येतात. ती घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्या बायका कधी कधी सांगतात की हे माझ्या बाबांनी कसं घेतलं होतं. या घड्याळाचा इतिहास लिहायचा तर हे पानही त्यात आलं पाहिजे.

नंतरचं कोणालाच अपेक्षित नव्हतं. 2014 च्या सुमाराला कारखाना बंद होणार असं पसरलं आणि वर्षानुवर्षं धूळ खात पडलेली ‘जनता’ आणि तुमचंच दुसरं चावीचं घड्याळ ‘पायलट’ लोक शोधू लागले. क्वार्ट्झवर वाढलेली, खरं तर मोबाइलवर वेळ बघणारी पोरं माझ्या दुकानात येऊन चावीचं एचएमटी मागू लागली. परदेशातले संग्राहक देवनागरी डायलसाठी पैसे मोजू लागले. कारण मला समजतं. इतक्या कमी किमतीत, बहुतेक भाग देशातच घडवलेलं, कुठल्याही तालुक्याच्या गावात उघडून दुरुस्त करता येईल असं यांत्रिक घड्याळ आज दुसरं नाही. त्याच्यावर जाहिरातीचा खर्च न करता ही प्रतिष्ठा मिळाली. ती लोकांनी दिली, आणि तिचा सांभाळ करणारं कोणी नाही, हे माझं मूळ दुखणं.

आता तक्रारी.

पहिली सुट्या भागांची. ‘जनता’ पडलं की बहुतेक वेळा बॅलन्स स्टाफ, म्हणजे ठोके देणाऱ्या बॅलन्स चाकाचा आस, जातो. तांदळाच्या दाण्यापेक्षा बारीक अशी ती दांडी, तिची दोन्ही टोकं केसाएवढी. धक्क्यासाठी ‘पॅरा शॉक’ची स्प्रिंग आहे, पण पन्नास वर्षांच्या तेलाने चिकटलेली स्प्रिंग धक्का कसा झेलणार? टोक तुटतं, ठोका थांबतो. या दांडीची किंमत घड्याळाच्या मानाने काहीच नाही. पण ती मिळत नाही. चावीची दांडी मिळत नाही. चावी दिल्यावर गुंडाळली जाणारी मेन स्प्रिंग मिळते ती कधी बसते, कधी मशीन फाडते. मग आम्ही काय करतो? एक बंद घड्याळ विकत घेतो आणि त्याचे अवयव काढून दुसऱ्यात घालतो. महाराष्ट्रातला प्रत्येक कारागीर आज हेच करतो आहे. म्हणजे एक ‘जनता’ वाचवायला दुसरी मारावी लागते. ज्या कंपनीने दहा कोटींहून जास्त घड्याळं बनवली, तिच्या घड्याळांचा साठा असा दर महिन्याला आतून कमी होतो आहे. नवे भाग आले नाहीत तर हे कधीतरी थांबणार, आणि त्याआधी मारण्यासारखी घड्याळं संपणार.

दुसरी तक्रार बनावट मालाची, आणि ही मला जास्त झोंबते. मागे एक मुलगी घड्याळ घेऊन आली. वडिलांच्या साठीला द्यायला तिने ते ऑनलाइन मागवलं होतं, ‘अस्सल जुनं जनता, न वापरलेलं’ असं सांगून विकलेलं. डायल भगव्या रंगाचा, चकचकीत. मी डोळ्याला भिंग लावलं. नावाची अक्षरं जाड, शाई कडेला फुटलेली. मिनिटांच्या रेघा बाराजवळ सरळ आणि आठकडे येईपर्यंत तिरक्या. रंग डायलच्या कडेवरून खाली ओघळलेला. मागचं झाकण उघडलं तर मशीन एचएमटीचंच, पण एका घड्याळाचं नाही. पूल (चाकं जागेवर धरणारी पट्टी) एका मॉडेलचा, बॅलन्स दुसऱ्याचा, स्क्रूंच्या खाचा बोथट झालेल्या. ते दिवसाला दहा मिनिटं मागे पडत होतं. तिने विचारलं, कंपनीकडे तक्रार करता येईल का? माझ्याकडे तिला द्यायला पत्ता नव्हता.

अशा घड्याळांना संग्राहकांत ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. ज्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या उत्तम घड्याळ कारागीर झाले त्याच्या नावाला हे लागलं आहे याचं मला वाईट वाटतं. डायल रंगवणाऱ्या माणसावर माझा राग नाही. जुना खराब डायल पुन्हा रंगवणं हे कसब आहे आणि आमच्या धंद्यात ते पूर्वीपासून चालत आलं आहे. गिऱ्हाईकाला सांगून केलं तर त्यात खोटं काही नाही. खोटं तिथे सुरू होतं जिथे रंगवलेलं घड्याळ न वापरलेलं म्हणून विकलं जातं, आणि त्यावर ‘एचएमटी’ हे नाव छापलेलं असतं. ते नाव तुमचं आहे. ट्रेडमार्कचं रक्षण मालकानेच करायचं असतं, ते मी माझ्या टेबलावरून करू शकत नाही. उघड बाजारात, लाखो लोकांसमोर, रोज हा व्यवहार होतो. एक जाहीर सूचना तरी काढा.

यातूनच तिसरी गोष्ट निघते. खरं काय आणि खोटं काय हे मी अनुभवाने सांगतो. माझ्या वडिलांनी सांगितलं, त्यांनी हजारो मशीन उघडली, मी ऐकलं आणि शिकलो. पण लेखी आधार काय? कुठलं मॉडेल कोणत्या वर्षी, बेंगळुरूला बनलं की तुमकुरूला, राणीबागला की श्रीनगरला? कोणत्या डायलवर कोणते काटे होते? मागच्या झाकणावरच्या आकड्यांचा अर्थ काय? याची अधिकृत यादी आजवर माझ्या हाती आलेली नाही, माझ्या ओळखीच्या कुठल्याच कारागिराच्या हाती आलेली नाही. हौशी मंडळींनी जुन्या जाहिराती आणि फोटो जमवून याद्या केल्या आहेत. त्यांचे उपकार आहेत. पण ज्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये प्रत्येक स्क्रूची नोंद होत असणार, त्याच्या घड्याळांचा इतिहास लोकांनी अंदाजाने का लिहावा?

हे केवळ भावनेने म्हणत नाही. सार्वजनिक अभिलेख कायदा 1993 केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमांनाही लागू आहे आणि त्यांच्या नोंदी वाटेल तशा नष्ट करता येत नाहीत. माहितीचा अधिकार कायदा 2005 चं कलम 4 सांगतं की सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या नोंदी सूचीबद्ध ठेवाव्यात आणि माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावी. कारखाने रिकामे होत होते तेव्हा आराखडे, कॅटलॉग, उत्पादनाच्या वह्या कुठे गेल्या, हे विचारायचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे. 2016 मध्येच बेंगळुरू आणि तुमकुरूची जमीन इस्रोला देण्याचा निर्णय झाला. जमीन चांगल्या कामाला गेली, आनंद आहे. जमिनीचा हिशेब एकराने झाला, मग कागदांचाही कुठेतरी झाला असेल. तो दाखवा.

बेंगळुरूला जालहळ्ळीत 2019 पासून एचएमटीचं वारसा केंद्र आणि संग्रहालय आहे, हे मान्य करतो. चांगलं काम आहे, कौतुकही करतो. पण काचेमागे ठेवलेल्या घड्याळाने माझ्या गिऱ्हाईकाचं घड्याळ चालू होत नाही.

एक गोष्ट घाईची आहे. ज्यांनी ही घड्याळं जोडली ती माणसं आता म्हातारी झाली आहेत. मशीन जुळवणाऱ्या बायका, हेअरस्प्रिंग (बॅलन्स चाकाची केसासारखी बारीक स्प्रिंग) लावणारे, ढिगातलं एकेक घड्याळ कानाला लावून तपासणारे. त्यांच्या हातात जे आहे ते कुठल्याही आराखड्यात नाही. हेअरस्प्रिंगचा वेटोळा किंचित वाकडा झाला तर चिमट्याने कुठे धरून किती दाबायचं, हे ज्याला येतं त्याच्याशेजारी बसूनच शिकता येतं. श्रीनगरच्या झैनाकोटमधल्या, नैनिताल जिल्ह्यातल्या राणीबागच्या कामगारांचंही तसंच. यातले बरेचजण गेले असतील. उरलेल्यांकडे अजून जाता येईल.

तर माझ्या मागण्या अशा.

बंद झालेल्या कारखान्यांच्या गोदामांत चावीच्या घड्याळांचे जे सुटे भाग शिल्लक असतील त्यांची यादी प्रसिद्ध करा आणि ते ठरलेल्या दराने, टपालाने, नोंदणीकृत दुरुस्ती कारागिरांना विका. काहीच शिल्लक नसेल तर तसं लेखी जाहीर करा, म्हणजे आम्ही वाट पाहणं सोडू.

‘जनता’ आणि ‘पायलट’सारख्या घड्याळांतल्या मशीनच्या झिजणाऱ्या भागांचे, निदान बॅलन्स स्टाफ, चावीची दांडी आणि मेन स्प्रिंग यांचे मापांसह आराखडे खुले करा. यात तुमचं काही जात नाही. पेटंटचं संरक्षण वीस वर्षांचं असतं, डिझाइन नोंदणीचं जास्तीत जास्त पंधरा. साठच्या दशकातल्या मशीनवर आता ते उरलेलं असणं शक्य नाही. सिटिझनबरोबरच्या जुन्या कराराची काही अडचण असेल तर त्यांच्याशी बोला. राजकोटसारख्या ठिकाणी बारीक काम करणारे छोटे कारखाने आहेत. मापं हातात आली तर हे भाग बनवणारा कोणी ना कोणी उभा राहील. आज तो आंधळेपणाने तुटक्या भागावरून माप घेतो आणि म्हणून भाग बसत नाही. या पत्रातली एकच मागणी मान्य करायची असेल तर ही करा. बाकी सगळ्याला पैसे किंवा माणसं लागतील, हिला एक आदेश पुरतो.

मॉडेलं, त्यांची वर्षं, डायल आणि काट्यांच्या जोड्या, झाकणावरच्या क्रमांकांचा अर्थ, एवढ्याची अधिकृत सूची मोफत प्रसिद्ध करा. अपुरी असली तरी चालेल, पुढे भर घालता येईल.

नावाच्या गैरवापराबद्दल ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना नोटीस द्या. डायल नव्याने रंगवलेला असेल तर जाहिरातीत ते स्पष्ट लिहिणं बंधनकारक व्हावं. रंगवणाऱ्या गरीब कारागिरांवर पोलीस पाठवावेत असं मी अजिबात म्हणत नाही, आणि तसं झालं तर विरोध करीन. गिऱ्हाईकाला खरं कळावं, इतकंच पुरे. आणि फसवलं गेलेल्या माणसाने लिहायचं कुठे, याचा एक पत्ता जाहीर करा, ज्याला उत्तर देणारा माणूस असेल.

निवृत्त कामगारांच्या मुलाखती आणि हातकाम चित्रित करून ठेवा, त्यांच्या त्यांच्या भाषेत. त्यातल्या इच्छुकांना मानधन देऊन आयटीआयमध्ये घड्याळ दुरुस्तीचे वर्ग घेऊ द्या. माझ्याकडे शिकायला मुलं येतात, सहा महिन्यांत मोबाइल दुरुस्तीकडे वळतात, आणि त्यांना मी दोष देत नाही. सुटा भागच नसेल तर या धंद्यात पोट कसं भरणार?

शेवटचं पुनरुज्जीवनाबद्दल. एचएमटी पुन्हा उभी राहावी असं मलाही वाटतं. नवी क्वार्ट्झ घड्याळं काढा, स्मार्ट घड्याळं काढा, तुमचा निर्णय. पण बाहेरून आणलेलं बॅटरीचं मशीन घालून त्यावर ‘जनता’ हे नाव छापू नका. छापायचंच असेल तर मशीन कुठलं, ते झाकणावर लिहा. लोकांनी या नावावर जो विश्वास ठेवला तो एका विशिष्ट मशीनवर होता, जे उघडता येत होतं, धुता येत होतं, आणि बापाच्या मागे मुलाच्या हातावर चालत होतं.

या मागण्यांपैकी कोणती मान्य, कोणती नामंजूर आणि का, हे लेखी कळवावं. उत्तर आलं तर ते जसंच्या तसं इथेच प्रसिद्ध करीन, नकार असला तरीही. नोंदी आणि शिल्लक सुट्या भागांबद्दल माहितीच्या अधिकारातला अर्ज मी तयार ठेवला आहे, तो करायची वेळ येऊ नये अशी इच्छा आहे. राज्यातल्या इतर कारागिरांना विनंती की आपापल्या दुकानात कोणता भाग मिळत नाही म्हणून किती एचएमटी घड्याळं पडून आहेत, याची वही घाला आणि ती माहिती मंत्रालयाला स्वतंत्रपणे पाठवा. सोलापूरची वही मी घालायला घेतली आहे.

कळावे,

आपला,
सोलापूरचा एक घड्याळ कारागीर